गेटवरून परत पाठवलेली गाय

१० फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आज सकाळी पावणेसहाला टेम्पो आला. मास्तरीण चढायला तयार नव्हती, त्यात अर्धा तास गेला. साडेआठला प्रदर्शनाच्या मैदानावर पोचलो. पावणेअकराला आमचा नंबर लागला. अकराला तू गाय नाकारलीस. संध्याकाळी पाचला गाड्यांचं फाटक उघडलं. सातला घरी आलो. गाईला पाणी दाखवलं, वासरू सोडलं. ते तिला लुचतंय तोवर हे लिहायला बसलो आहे.

तुझ्या ताईने ही गाय प्रदर्शनासाठी सव्वा वर्ष तयार केली हे तुला मी सांगायला नको. रोज संध्याकाळी दाव्याला धरून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची, चारी पाय सरळ टाकून उभी करायची, मान वर ठेवायला शिकवायची. शेजारची शिवणकामवाली म्हणायची, "बाई, गाय आहे की शाळेची मास्तरीण?" तेच नाव पडलं. प्रवेशाचा अर्ज ताईने नोव्हेंबरात स्वतःच्या हाताने भरला होता. ती गेल्यावर मी गाय नेणार नव्हतो. तूच सात तारखेला म्हणालास, "न्या भाऊजी, तिचं एवढं राहिलंय."

म्हणून नेली. तुझ्या टेबलापुढे उभी केली. तू तोंड उघडून जीभ पाहिलीस, चारी खूर उचलून पाहिलेस, ताप मोजलास. सगळं ठीक. मग कार्ड पाहिलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "मालक, इथे खाडाखोड आहे. लस टोचून दहाच दिवस झालेत. नियम एकवीस दिवसांचा आहे. बाजूला घ्या."

नियमाचं मी समजू शकतो. एकवीस दिवसांची अट अर्जाच्या मागच्या बाजूला होती, ती मी वाचली नव्हती. चूक माझी. पण मालक? सव्वीस वर्षं मी तुझा भाऊजी आहे. तुझ्या दहावीच्या अर्जावर पालक म्हणून माझी सही आहे.

त्यानंतर दाव्याला लाल फीत बांधली आणि आम्हाला पाण्याच्या टाकीमागे पत्र्याच्या शेडात पाठवलं. नाकारलेली सगळी जनावरं तिथेच. कागदात चूक असलेली मास्तरीण, अंगावर गजकर्ण असलेला बोकड, एक लंगडी म्हैस. संध्याकाळपर्यंत कुणालाच बाहेर सोडत नव्हते. दोन वाजता प्रदर्शनाच्या अध्यक्षांचा वळू आणला. रिंगणात त्याच्या तोंडातून लाळेची तार सुटली होती. त्याला आमच्या शेजारच्या खुंटाला बांधला. पाण्याचा टब एकच. मी तिथल्या माणसाला म्हटलं, हा वळू आजारी दिसतो, लांब बांधा. तो म्हणाला, "काका, अध्यक्षांचा आहे तो. त्याची लाळसुद्धा साधी नसते." आणि हसला.

तीन तास वाचायला दुसरं काही नव्हतं. वळूच्या नावाच्या पाटीला त्याचं आरोग्य प्रमाणपत्र लावलं होतं, ते दोनदा वाचलं. सही तुझी आहे.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझा,
भाऊजी


१३ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार.

पत्र पोचलं. आधी रागवा, मग वाचा.

मालक म्हणालो कारण माझ्या मागे वरचे साहेब उभे होते. त्यांच्या हातात मेहुणे-भाचे पकडायची यादीच असते. "काय भाऊजी, आलात का" असं म्हणून मी गाय परत पाठवली असती तरी लोक म्हणाले असते, नाटक केलं. आणि आत सोडली असती तर काय म्हणाले असते ते तुम्हीच ओळखा. साठ जनावरं तपासली त्या दिवशी, सतरा परत पाठवली. सोळा शिव्या खाल्ल्या. तुमची सतरावी, पण पोस्टाने आली म्हणून मान ठेवतो.

आता खरं बोलू? ते कार्ड मी सतरा जानेवारीलाच भरून ठेवलं होतं. लसीकरण अठराला ठरलेलं. मी अख्ख्या गल्लीची कार्डं आदल्या दिवशी भरतो. सकाळी सुई मारायची, कार्ड द्यायचं, पुढचं दार. अठराला सकाळी आपल्यावर काय वेळ आली ते तुम्हाला माहीत आहे. लस मी नंतर एकतीसला येऊन टोचली. कार्डावर अठरा तारीखच राहिली होती. राहू द्यायची होतीत! तेवीस दिवस भरत होते. मास्तरीण आत गेली असती, कदाचित पहिला पट्टा गळ्यात घालून आली असती. तुम्ही ती तारीख खोडलीत, वर एकतीस लिहिलंत आणि खाली सही ठोकलीत. जन्ममृत्यू नोंदणीत एकतीस वर्षं काढली की असं होतं. पण भाऊजी, गाईच्या कार्डाला कोण विचारतं हो?

ताई असती तर तिने विचारलं असतं, "बारक्या, चालतं का रे असं?" मी म्हणालो असतो, "चालतं." आणि चाललं असतं.

वळूचं मनावर घेऊ नका. एवढं धूड, त्यात ऊन, त्यात ढोल-कर्णे. दमला होता. तरी सहज म्हणून मास्तरणीला आठवडाभर बाकीच्या दोघींपासून आणि वासरापासून वेगळी बांधा. प्रदर्शनातून आलेलं जनावर वेगळं ठेवायचंच असतं, तसा नियम आहे.

रविवारी येतो.

तुमचा,
बारक्या


१६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. तू रविवारी आला नाहीस.

प्रदर्शनातून आलेलं जनावर वेगळं बांधायचा नियम आहे, तर तो तू मला मैदानावर का सांगितला नाहीस? तिथे बोलायला तुला एक मिनिट होतं. त्या मिनिटात तू मला मालक म्हणालास.

परवा सकाळी मास्तरीण उठली नाही. दावणीतला चारा तसाच. हनुवटीखाली फेस. मी तोंड उघडलं तर जिभेवरचं कातडं माझ्या बोटाला लागून आलं. पुढच्या दोन्ही खुरांच्या बेचक्यात फोड आहेत. ती पाय झटकते आणि मग पाय झटकल्याच्या दुखण्याने कण्हते. दवाखान्यातला कंपाउंडर आला, पाहिलं, म्हणाला, "लाळ-खुरकत." मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मी बोललो नाही हं, डॉक्टरांना बोलू द्या." त्याने लाळ आणि फोडाची साल एका बाटलीत घेतली आहे.

पाच दिवस वासरू तिला लुचत होतं. काल पत्र वाचून लगेच वेगळं केलं. ते रात्रभर ओरडत होतं.

मला एका ओळीत उत्तर हवं आहे. अध्यक्षांच्या वळूला काय झालं होतं?

भाऊजी


१८ फेब्रुवारी

भाऊजी,

घाईत लिहितोय. काय करायचं ते आधी.

तोंड दिवसातून तीनदा पोटॅशच्या जांभळ्या पाण्याने धुवा. पाणी फिकं हवं, गडद झालं तर झोंबतं. मग जिभेला बोरोग्लिसरीन लावा, कंपाउंडरकडे बाटली आहे. खूर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, माशा बसू देऊ नका. कोरडा चारा बंद, पातळ पेज द्या. गोठ्याच्या दाराशी चुना टाका. तुमच्याशिवाय कुणी आत जायचं नाही, शिवणकामवालीसुद्धा नाही. दूध केंद्रावर घालू नका. वासराला मास्तरणीचं दूध अजिबात नको.

मास्तरीण पडली तोवर बाकीच्या दोघींना लस टोचून दोन आठवडे झाले होते, त्यांना बहुतेक काही होणार नाही.

वळूबद्दल प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय मला काही म्हणता येत नाही. अजून आलेला नाही. आला तरी तो आधी वर जातो. तोवर तुम्ही कुणाशी यावर बोलू नका, हे मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. इथे वातावरण तापलेलं आहे. अध्यक्ष म्हणतात, आमच्या प्रदर्शनात रोग नव्हताच, कुणीतरी घरून आणला असेल. तेव्हा सर्वात आधी ज्याच्या कार्डावर खाडाखोड आहे त्याचं नाव पुढे येईल. कळतंय का मी काय म्हणतोय?

वेळ मिळाला की येतो.

बारक्या


२२ फेब्रुवारी

मा. पशुवैद्यकीय अधिकारी यांस,

परवा, वीस तारखेला सकाळी सव्वासातला वासरू गेलं. मी त्याला बाटलीने दूध पाजत होतो. दोन घोट घेतले, पुढचे पाय दुमडले आणि खाली बसलं. मला वाटलं बसलं. वय दोन महिने तीन दिवस. अंगावर एकही फोड नव्हता. कंपाउंडर म्हणाला, लहान वासरांच्या हृदयावर हा रोग जातो, फोड यायच्या आधीच. मग म्हणाला, "डॉक्टरांना माहीत असतं हे."

आपणाला माहीत होतं. तरी आपण तेरा तारखेला मला "सहज म्हणून" वेगळं बांधा असं लिहिलंत. सहज! टपालाने! जे तोंडी सांगायला त्या दिवशी आपण माझ्यापासून शंभर पावलांवर होतात, ते.

मी एकवीस तारखेला दूध केंद्रावर गेलो. आत गेलो नाही, खिडकीबाहेर उभा राहिलो आणि दूध तपासणाऱ्या बाईंना सांगितलं की माझं दूध पुढचा महिनाभर येणार नाही, का तेही सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. प्रदर्शनातून परतलेल्या आणखी तीन घरांचं दूध बंद झालं आहे. प्रदर्शनाला आलेली एक विधवा शेळ्या पाळते, तिच्या अकरापैकी सहा शेळ्या पडल्या आहेत. तिला कुणी काही कळवलेलं नाही. तिला वाटतं आहे तिने काहीतरी चुकीचा पाला घातला. ती स्वतःला दोष देत बसली आहे.

आपण सतरा जनावरं परत पाठवलीत. म्हणजे त्रेचाळीस आत होती. ती त्रेचाळीस जनावरं त्या दिवशी त्रेचाळीस गोठ्यांत परत गेली. बारा दिवस झाले. त्यांतल्या एकालाही आपल्या कचेरीतून एक ओळ गेलेली नाही. आणि मला आपण सांगता, कुणाशी बोलू नका.

आता दुसरं. मी आधी लिहिलं होतं की वळूचं प्रमाणपत्र मी दोनदा वाचलं. त्यावर "सदर जनावराची मी आज रोजी समक्ष तपासणी केली" असं छापलेलं आहे. तारीख ७ फेब्रुवारी. वळूचा गोठा आमच्या घरापासून गाडीने दोन तासांवर आहे.

सात फेब्रुवारीला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आपण माझ्या घरात होतात. ताईचं कपाट लावत होतात. दुपारी आपण तिच्या पलंगावर बसून तिच्या साड्यांच्या घड्या मोजत होतात आणि मी खाली चहा करत होतो.

मग वळू समक्ष कुठे तपासलात?

खोट्या तारखेचा वळू आत गेला. खऱ्या तारखेची गाय बाहेर बांधली, आणि नंतर त्याच वळूच्या शेजारी बांधली. आपण मला विचारलंत ना, गाईच्या कार्डाला कोण विचारतं? मी विचारतो आहे.

कळावे.
(सही)
गाय नाकारलेला मालक


२५ फेब्रुवारी

भाऊजी,

हो.

हो, मी वळू पाहिला नव्हता. दहाला गेटवरही नाही, प्रमाणपत्र बघूनच आत सोडला. बसल्या जागी सही केली. ताईच्या पलंगावर बसून केली. झालं समाधान? कचेरीत बसल्यासारखं माझ्या तारखा तपासल्यात. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही, मेहुण्याच्या खोटेपणाची नोंद. एक रकाना कमीच होता तुमच्या रजिस्टरात.

आता तुम्ही माझं ऐका.

त्या दिवशी दुपारी पांढऱ्या शर्टातला एक माणूस तुमच्या दारात आला, आठवतो? तुम्हाला वाटलं समाचाराला आलाय. तुम्ही त्याला वर आणून खुर्ची दिलीत. चहा दिलात. "बाईंना ओळखत होता का?" असं विचारलंत. तो "हो, फार चांगल्या होत्या" म्हणाला. भाऊजी, तो ताईला ओळखत नव्हता. तो अध्यक्षांचा माणूस होता. माझ्या घरी कुलूप दिसलं म्हणून पत्ता विचारत तुमच्याकडे आला होता. तुम्ही दुसरा कप आणायला गेलात तेव्हा त्याने कागद काढला. म्हणाला, "डॉक्टर, फक्त एक सही. बाकी मी भरलंय. तुमचे दुःखाचे दिवस, कशाला तिकडे यायचा त्रास." माझ्याकडे पेन नव्हता. मी हाक मारली. तुम्ही खिशातला काढून दिलात.

तुमच्याच पेनाने सही झालीय. लिहा तुमच्या पुढच्या पत्रात.

मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या मांडीवर तिची निळी साडी होती, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की हा माणूस या खोलीतून लवकर जावा. सही केली की जाणार होता. केली. गेला. असली सही मी पहिल्यांदा केलीय असंही म्हणत नाही. दोन-तीनदा झालंय. ओळखीच्या गोठ्याला, निरोगी जनावराला. सगळेच करतात. त्याआधी कधी काही झालं नव्हतं.

आणि दहा तारखेला टेबलावर तुमचं कार्ड आलं. अठरा खोडलेली. सरळ रेघ, पट्टीने मारलेली. मला असं वाटलं की तुम्ही मला खोटारडा ठरवलंत, तेही ताई गेल्याच्या तारखेवर. म्हणून मालक म्हणालो. साहेब उभे होते हे खरं आहे, पण ते नसते तरी त्या क्षणी म्हणालो असतो.

अहवाल सोळालाच आला. वळूला लाळ-खुरकतच होती. साहेबांनी तो खणात ठेवला. लोकांना कळवलं तर महिनाभर बाजार बंद ठेवावा लागेल, आणि प्रमाणपत्र कुणी दिलं हा पहिला प्रश्न येईल. साहेब मला म्हणाले, "गप्प बसलास तर तुझंच भलं आहे." मी बसलो. तीन-चार आठवड्यांत रोग आपोआप ओसरतो, मोठी जनावरं बहुतेक वाचतात, असं स्वतःला सांगत बसलो.

वासराचं वाचून मी जेवलो नाही. ते तुम्हाला खरं वाटणार नाही, नको वाटू दे.

सांगा, काय करू? नोकरी सोडू?

बारक्या


२८ फेब्रुवारी

बारक्या,

पेन दिला होता. तू लिहिलंस तेव्हा आठवलं. तो अजूनही शर्टाच्या खिशात होता. हे पत्र दुसऱ्याने लिहितो आहे.

तो माणूस मला बरा वाटला होता. ताई गेल्यावर जे आले त्यांतले बहुतेक माझ्या कचेरीतले होते किंवा तुझ्या ओळखीचे. तिच्या स्वतःच्या ओळखीचं कुणी आलं म्हणून मला बरं वाटलं. मी त्याला दोन कप चहा पाजला. तो जाताना मी त्याला दारापर्यंत सोडलं आणि "येत जा" म्हणालो. याचा राग तुझ्यावर आहे, त्याच्यावर आहे आणि माझ्यावर आहे. वाटणी करायला मला वेळ नाही.

कार्डाबद्दल तुझा गैरसमज झाला. मी तुला खोटारडा ठरवलं नाही. त्या वेळी तू माझ्या मनातही नव्हतास. प्रदर्शनाला न्यायला कार्ड काढलं तर त्यावर लिहिलेलं: १८ जानेवारी, लस दिली, जनावर उत्तम. मी ते पाचसहा वेळा वाचलं. माझ्या घरात अठरा जानेवारीला काय झालं ते मला माहीत आहे. नऊ चाळीसला झालं. एकतीस वर्षं मी लोकांच्या त्या तारखा लिहिल्या. कुणी म्हणायचं, साहेब, एक दिवस इकडेतिकडे करा, विम्याचं काम आहे, शाळेचं काम आहे. मी केलं नाही. स्वतःच्या घरच्या त्या दिवसावर "जनावर उत्तम" लिहिलेलं कसं राहू देऊ? पट्टी घेतली आणि खोडलं. एवढंच.

आता तुझा प्रश्न. नोकरी सोडू का, असं विचारतोस. सोडून काय होणार? त्या शेळ्यावाल्या बाईला काही कळणार आहे का त्याने? तू राजीनामा देऊन घरी बसशील, लोक म्हणतील, डॉक्टर मानी होता. खणातला अहवाल खणातच राहील.

"मोठी जनावरं बहुतेक वाचतात." हे वाक्य तू मास्तरणीसमोर उभा राहून म्हणून दाखव. तिचे दोन खूर सैल झाले आहेत. पेजेचं भांडं समोर धरलं तर ती त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. तोंड लावत नाही. मी हाताने गालात पेज सोडतो. अर्धी बाहेर येते. ताईने जिला सव्वा वर्ष मान वर धरायला शिकवलं, तिची मान जमिनीला लागली आहे. आणि तू मला ओसरण्याचं गणित सांगतोस! तुझी ती सही, तुझे ते साहेब, तो खण, सगळं उकिरड्यावर टाकावंसं वाटतं. मी आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही. आत्ता कागदावर एक लिहिली होती. खोडली आहे. खोडलेली दिसते आहे, तशीच राहू दे.

मला एकच गोष्ट हवी. प्रदर्शनात आत गेलेल्या त्रेचाळीस जनावरांच्या मालकांची नावं आणि पत्ते. परत पाठवलेल्या बाकी सोळांचेही, कारण ती त्याच शेडात उभी होती. यादी तुझ्या टेबलावर आहे. ती पाठव. पाठवायची नसेल तर तसं लिहून पाठव, म्हणजे मी पुन्हा विचारणार नाही, आणि पुन्हा काहीच लिहिणार नाही.

भाऊजी


३ मार्च

भाऊजी,

यादी सोबत आहे. एकोणसाठ पत्ते. काल दुपारी कचेरीत बसून हाताने उतरवली, यंत्रावर काढली असती तर नोंद राहिली असती. मग स्वतःशीच हसलो. आता कुणापासून लपवतोय?

दुसऱ्या कागदावर माझा जबाब आहे. वळू न तपासता प्रमाणपत्र दिलं, अहवाल सोळा तारखेला आला, लोकांना कळवलं नाही, हे सगळं तारखांसह लिहिलंय. एक प्रत काल साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक वरच्या कार्यालयात रजिस्टर टपालाने टाकली. साहेबांनी वाचली. चष्मा काढला. म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या दुःखात तुझं डोकं ठिकाणावर नाही, घरी जा, मी हे फाडून टाकतो." मी म्हणालो, "साहेब, एक टपालात आहे." मग ते जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आजपासून मला दवाखान्यात बसायचं नाही असा तोंडी हुकूम आहे. लेखी येईल.

अध्यक्षांच्या माणसाचा निरोप आला होता. तोच, पांढऱ्या शर्टातला. म्हणाला, "डॉक्टर, तुमचे भाऊजी साधे आहेत, त्यांना यात ओढू नका." मी म्हटलं, तुम्ही त्यांना ओळखत नाही.

यादीतल्या लोकांना जी पोस्टकार्डं धाडाल त्यांवर माझं नाव घाला. तुमच्या नावाने गेली तर म्हणतील, हरलेल्या गाईचा मालक जळतोय. माझं नाव असेल तर वाचतील.

मी येऊ का? मास्तरणीचे खूर मला बघू द्या. कंपाउंडर सैल खूर नीट तासत नाही.

बारक्या


६ मार्च

बारक्या,

यादी चार तारखेला मिळाली. चारला संध्याकाळी आणि पाचला दिवसभर बसून एकोणसाठ पोस्टकार्डं लिहिली. एक सोडून बाकी आज सकाळी टपालात टाकली. मजकूर असा:

"दहा फेब्रुवारीच्या पशुप्रदर्शनात एका वळूला लाळ-खुरकत होती. त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याने वळू तपासला नव्हता, हे त्याने लेखी कबूल केले आहे. आपले जनावर त्या दिवशी तिथे होते. ते आजारी पडले असल्यास चूक आपली नाही. ते वेगळे बांधा. त्याचे दूध वासराला पाजू नका. दाराशी चुना टाका. गोठ्यात बाहेरच्याला येऊ देऊ नका. जनावर बाजारात नेऊ नका. माझे एक वासरू गेले आहे."

खाली तुझं नाव आणि हुद्दा, त्याखाली माझं नाव आणि पत्ता. तुझं एकट्याचं घातलं नाही. पेन माझा होता.

शेळ्यावाल्या बाईचं कार्ड टपालात टाकलं नाही. तिच्या फाटकाबाहेर उभा राहून वाचून दाखवलं. "चूक आपली नाही" इथे तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "हे दोन आठवडे आधी सांगितलं असतं तर?" तिच्या तीन शेळ्या राहिल्या आहेत. तुझं नाव तिने विचारून घेतलं आणि भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं. त्याला सांगा, पुसू नकोस, म्हणाली, पावसाने जाईल तेव्हा जाईल.

कालच अध्यक्षांकडून मला एक पत्र आलं. छापील आहे. प्रदर्शन यशस्वी केल्याबद्दल आभार, आणि पुढच्या वर्षी अवश्य यावे. उलट्या बाजूला नियम छापले आहेत. या वेळी मागची बाजूही वाचली. सगळे नियम चांगले आहेत, बारक्या. एकही वाईट नाही. नाकारलेल्या जनावरांना आजारी जनावरांपासून वेगळं ठेवावं असाही एक आहे, अकरावा.

मास्तरीण काल उठून उभी राहिली. सात मिनिटं. डावा पुढचा पाय टेकत नाही. दूध गेलं आहे, परत येईल असं वाटत नाही. तिला आता कुठल्याही रिंगणात नेता येणार नाही आणि मला न्यायचीही नाही. पण ती पेज स्वतःहून पिते.

तू येऊ नकोस. तू किती गोठ्यांतून फिरला आहेस ते तुलाच माहीत, आणि माझ्या दारातल्या नियमाला ओळखपाळख चालत नाही. शेवटचा फोड वाळल्यावर मी कळवीन, मग खूर तासायला ये. तासायचेच आहेत. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो गेला की नाही हे तू विचारू नकोस, आणि जबाब दिल्याबद्दल मी तुला शाबासकी देईन अशी वाट पाहू नकोस. तो सोळा तारखेला द्यायचा होता. आम्ही दोघं तुला मुलासारखं समजत होतो, म्हणून हे असं लिहावं लागतं. परका असतास तर एक तक्रार करून मोकळा झालो असतो.

लेखी हुकूम आला की त्याची प्रत मला पाठव. उत्तर लिहायला मदत करीन. सरकारी पत्राला उत्तर कसं द्यायचं ते मला येतं.

ताईच्या कपाटाचा खालचा कप्पा तसाच राहिला आहे. तो तू लावायचा नाहीस. मीही एवढ्यात लावणार नाही.

गोठ्यातले कपडे गरम पाण्यात सोडा टाकून भिजवले आहेत. ते आता धुवून, पिळून वाळत घालतो.

भाऊजी